परदेशी शिक्षणाआधी भाषेचा वर्ग : त्याला पैसा कोठून आणावा?



मागील अंकात आम्ही खोडव्यातील पाचट न जाळता सरीत कशी कुजवावी, याविषयी लिहिले होते. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. ऊस विकास विभागाने असल्या विषयात कशाला हात घालावा, असे कोणी म्हणेल. पण हल्ली प्लॉट पाहणीला गेलो की बांधावर बेण्याची चौकशी एकदा होते आणि मुलाबाळांच्या शिक्षणाची दोनदा. म्हणून कागदपत्रे जमवून, जाणकारांना विचारून, जे समजले ते येथे देत आहोत.

निमित्त असे झाले. ऐन गाळपात, जानेवारी महिन्यात, आमच्या गट ऑफिसला एक जुने सभासद आले. आपण त्यांना बापू म्हणू. हातात सात-बारा होता. ऊस नोंदीचा दाखला पाहिजे म्हणाले. कशाला, असे विचारले तर म्हणाले, "साहेब, थोरली पोरगी शेतकीच्या पदवीला शेवटच्या वर्षाला हाय. म्होरं जर्मनीला शिकायला जायाचं म्हणती. त्याच्या आधी उन्हाळ्यात तिथं जाऊन भाषा शिकावी लागती म्हणं. एजंट चार लाख सांगतोय. रस्त्याकडंचा अर्धा एकर काढावा म्हणतो."

अर्धा एकर, आणि तोही रस्त्याकडेचा! आम्ही त्यांना बसवून घेतले, चहा सांगितला आणि म्हटले, बापू, दाखला कुठे पळून जात नाही. आधी मुलीला घेऊन या. दुसऱ्या दिवशी दोघे आले. त्या दिवशी जे बोलणे झाले, ते सगळ्यांच्याच उपयोगाचे आहे.

जर्मनीच का, आणि भाषा कशाला?

जर्मनीचा आणि आपल्या धंद्याचा संबंध जुना आहे. उसाच्या रसातील विद्राव्य घटक मोजताना आपण रोज "ब्रिक्स किती आला" म्हणतो. तो ब्रिक्स हे अडॉल्फ ब्रिक्स नावाच्या १९व्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञाचे आडनाव आहे. बीटात साखर असते हे मार्गग्राफ या शास्त्रज्ञाने १७४७ साली बर्लिनमध्ये दाखवून दिले.

आजची मुले तिकडे जातात ती मुख्यतः फीमुळे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणाला शिकवणी फी नसते, सत्राची किरकोळ वर्गणी असते. मात्र हे सरसकट खरे नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शेतकी शिक्षणासाठी नावाजलेले होहेनहाइम विद्यापीठ याच राज्यात आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना फी सुरू केली आहे. तेव्हा "जर्मनीत सगळे फुकट" असे कोणी सांगितले तर कोणते राज्य, कोणते विद्यापीठ, हे पहिल्यांदा विचारावे.

आता भाषा. शेतकीचे काही पदव्युत्तर अभ्यासक्रम तिकडेही इंग्रजीतून चालतात. ग्योटिंगेन आणि कासेल या दोन विद्यापीठांचा आंतरराष्ट्रीय शाश्वत शेतीचा अभ्यासक्रम त्यातलाच. तेथे प्रवेशापुरती इंग्रजी चालते. पण खोली भाड्याने घेणे, डॉक्टरकडे जाणे, सुटीत काम धरणे, पुढे नोकरी मिळवणे, शेतावर जाऊन शेतकऱ्याशी बोलणे, हे सारे जर्मनवाचून अडते. आम्ही स्वतःचाच अनुभव सांगतो. कर्नाटकाच्या सीमेवरील गावात कानडी न येता आम्ही ऊस लागणीचा प्रचार करू गेलो, तेव्हा लोकांनी चहा पाजला आणि वाटेला लावले!

ही अडचण आजची नाही. राममनोहर लोहिया १९२९ मध्ये बर्लिनला गेले. प्राध्यापक झोम्बार्ट यांच्यापुढे ते इंग्रजीत बोलू लागले, तेव्हा "मला इंग्रजी येत नाही" असे प्राध्यापक म्हणाले. "तीन महिन्यांनी येतो" असे सांगून लोहिया परतले आणि तीन महिन्यांत जर्मन शिकून पुन्हा समोर उभे राहिले, अशी हकीकत सांगतात. पुढे त्यांनी मिठावरील करावर प्रबंध लिहिला. पण सगळेच लोहिया नसतात. साध्या हुशार मुलाने तीन महिन्यांचा नव्हे, दीड-दोन वर्षांचा हिशेब धरावा.

भाषा शिकायला दुसरे पैसे का देतील?

बापूंनी हाच प्रश्न विचारला. "आपल्या पोरीनं त्यांची भाषा शिकायची, आणि पैसे त्यांनी द्यायचे? हे कसं?"

आम्ही त्यांना पुण्याचे उदाहरण दिले. अमेरिकेतील विद्यार्थी पुण्यात मराठी शिकायला आलेले अनेकांनी पाहिले असतील. रशियाने १९५७ साली स्पुटनिक सोडल्यावर अमेरिका जागी झाली आणि १९५८ मध्ये तिने एक कायदा करून परकी भाषा शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी पैसा राखून ठेवला. १९६१ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था उभी राहिली. तिच्यामार्फत पुण्यात मराठीचे वर्ग चालले आणि कित्येक मुले पदरचे फारसे न घालता आपली भाषा शिकून गेली. आपल्या देशाची माणसे परक्या भाषेत पक्की व्हावीत, किंवा परक्या देशाची माणसे आपल्या भाषेत यावीत, यात सरकारांचा स्वार्थ असतो. त्यासाठी ती पैसा बाजूला काढतात. तो दानधर्म नव्हे, म्हणून तो मागायला संकोच नको. पण त्याला अटी असतात, आणि तारखा असतात.

पैशाच्या चार वाटा

पहिली वाट : उन्हाळी वर्गाची शिष्यवृत्ती. जर्मनीची डीएएडी नावाची संस्था १९२५ साली स्थापन झाली. परदेशी विद्यार्थ्यांना जर्मनीत शिकण्यासाठी पैसा देणारी ही तेथील मोठी संस्था आहे. तेथील विद्यापीठांत उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांचे भाषेचे सधन वर्ग चालतात, त्यांना जाण्यासाठी ती शिष्यवृत्ती देते. तिकडचा उन्हाळा म्हणजे आपला जून ते सप्टेंबर. आपल्याकडे तेव्हा बहुधा कॉलेज सुरू असते, म्हणून प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्यावी. या शिष्यवृत्तीत एकरकमी पैसे मिळतात आणि देशानुसार प्रवासासाठी काही रक्कम मिळते.

पण तीन अटी नीट लक्षात घ्याव्यात. एक, ही पदवीचे शिक्षण चालू असलेल्यांसाठी आहे. निदान दोन वर्षे पुरी झालेली असावी लागतात. पदवी घेऊन घरी बसलेल्याला ती नाही. पदव्युत्तर वर्गात शिकत असलेल्यांना आहे. दोन, जर्मनचा ओनामा तेथे जाऊन गिरवायचा नसतो; बी-१ म्हणजे तिसऱ्या पायरीपर्यंत भाषा आधीच आलेली असावी लागते. तीन, अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटीच द्यावा लागतो, आणि विद्यापीठाच्या वर्गात जागा मिळवण्याचा अर्ज स्वतः वेगळा करावा लागतो.

दुसरी वाट : पदव्युत्तर शिष्यवृत्तीतच भाषा. हीच संस्था विकसनशील देशांतील पदवीधरांना ठराविक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण शिष्यवृत्ती देते. त्या यादीत शेतीचे अभ्यासक्रमही असतात. ही मिळाली तर अभ्यासक्रम सुरू होण्याआधी जर्मनीतच दोन, चार किंवा सहा महिने भाषेचा वर्ग त्यांच्याच खर्चाने होतो. मात्र पदवीनंतर निदान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि पदवी फार जुनी चालत नाही. सहा वर्षांची मर्यादा धरतात. बऱ्याच अभ्यासक्रमांचे अर्ज आदल्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जातात. त्या वर्षीच्या यादीत आपला देश आणि आपला अभ्यासक्रम आहे ना, हे आधी तपासावे.

तिसरी वाट : भाषा इथेच शिकणे. ही शिष्यवृत्ती नव्हे, पण वाचलेला पैसा हा मिळवलेलाच पैसा. पुण्यात विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, ज्याला सारे रानडे इन्स्टिट्यूट म्हणतात, तेथे जर्मनचे अभ्यासक्रम चालतात. पुण्याच्या व मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात सधन वर्ग आणि परीक्षा दोन्ही आहेत. ज्यांच्या नावाने हे भवन आहे ते पंडित मॅक्स म्युलर भारतात कधी आले नाहीत, पण १८९७ मध्ये लोकमान्यांना राजद्रोहाची शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी त्यांनी शब्द टाकला होता. असो. शून्यापासून बी-१ पर्यंत पोहोचायला ४५ मिनिटांचे साडेतीनशे ते साडेसहाशे तास लागतात, असा त्यांचा हिशेब आहे. हे तास पुण्यात बसून झाले तर विमानभाडे, तिकडची खोली आणि तिकडचे जेवण, सगळे वाचते. बी-१ ची परीक्षा वाचन, ऐकणे, लेखन आणि बोलणे अशा चार भागांत सुटी सुटीही देता येते.

चौथी वाट : कर्ज आणि कर्जाऊ शिष्यवृत्ती. ही वाट शेवटी ठेवली आहे ती मुद्दाम. बँक शैक्षणिक कर्ज देते ते विद्यापीठाचे प्रवेशपत्र पाहून. प्रवेशाआधीच्या नुसत्या भाषेच्या वर्गाला बहुतेक बँका हात लावत नाहीत. शिवाय २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली असल्याने शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घ्यायला बँका बहुधा राजी नसतात. घर, बिनशेती जागा, मुदतठेव असे काही मागतात. नेमके येथेच आपला माणूस सावकाराच्या दारात जातो किंवा जमिनीचा तुकडा काढतो.

त्यापेक्षा जे. एन. टाटा एंडाउमेंटचा अर्ज आधी भरावा. जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेली ही कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे. तिच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. सरकारी परदेशी शिष्यवृत्त्याही आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, तर मराठा व कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची, महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे. मात्र या पदवीच्या शिक्षणासाठी असतात. भाषेचा वर्ग त्यात धरतात की नाही, हे त्या कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर तिकीट काढू नये.

उसनवारीने परदेशी जाणे आपल्याकडे नवे नाही. इरावतीबाई कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या, तेव्हा सासऱ्यांना, म्हणजे खुद्द अण्णासाहेब कर्व्यांना, ते पसंत नव्हते. डॉ. जीवराज मेहता यांनी त्यांना पैसे कर्जाऊ दिले आणि १९३० मध्ये बाई डॉक्टरेट घेऊन आल्या. पण ते कर्ज विश्वासाच्या माणसाचे होते आणि पदवीसाठी होते. एजंटाच्या तीन महिन्यांसाठी नव्हते.

भाषा हे अडसाली पीक आहे

बापूंची लेक हे सगळे ऐकून गप्प झाली. शेवटी म्हणाली, "म्हणजे साहेब, उन्हाळी शिष्यवृत्ती माझ्या हातची गेली." खरे होते. जानेवारी उजाडला होता, या उन्हाळ्याच्या अर्जाची तारीख होऊन गेली होती. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पदवी हातात येणार, म्हणजे ती त्या अटीत बसणार नाही. आणि जर्मन म्हणाल तर "गुटेन टाग" पलीकडे काही येत नव्हते. दीड-दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर? पण तेव्हा विचारायचे कोणाला, हेच घरात माहीत नव्हते.

आम्ही नेहमी सांगतो, सुरू ऊस बारा महिन्यांत तुटतो, पण अडसालीला सोळा ते अठरा महिने द्यावे लागतात, आणि जुलै-ऑगस्टची लागण डिसेंबरात करून अडसालीचा उतारा मागता येत नाही. भाषेच्या पैशाचेही तसेच आहे. पैसा आहे, पण ज्या वेळी आपल्याला त्याची आठवण होते त्याच्या फार आधी त्याची लागण करावी लागते. म्हणून चार वर्षांच्या शेतकी पदवीला धरून वेळापत्रक असे ठेवावे :

पहिल्या वर्षी पासपोर्ट काढून ठेवावा आणि जर्मनची पहिली पायरी, ए-१, पुरी करावी. दुसऱ्या वर्षी ए-२. तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुमारास बी-१ ची परीक्षा देऊन डिसेंबरच्या आत उन्हाळी शिष्यवृत्तीचा अर्ज टाकावा. अर्जाची नेमकी तारीख दरवर्षीच्या जाहिरातीतच पाहावी. अर्जासाठी प्राध्यापकांचे शिफारसपत्र लागले तर ते आठ दिवसांत मिळत नाही. महिनाभर आधी सांगून ठेवावे. त्यानंतरच्या जून ते सप्टेंबरात तिकडचा वर्ग होतो. चौथ्या वर्षी पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज करावेत. तिकडचे हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते.

हातात पदवी असलेल्यांनी दुसऱ्या वाटेचा विचार करावा. दोन वर्षे नोकरी, संध्याकाळी किंवा रविवारी भाषा, आणि मग पूर्ण शिष्यवृत्तीचा अर्ज.

भाषेच्या खर्चाआधी मोठा खर्च ओळखावा

भाषेच्या वर्गावरच गाठीचा पैसा संपला तर पुढे मुख्य खर्चाला काय उरणार? भारतीय विद्यार्थ्यांची कागदपत्रे तपासणारे एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी सक्तीचे झाले आहे. त्याखेरीज वर्षभराच्या राहण्या-जेवण्याची रक्कम तिकडच्या बंद खात्यात आधी भरून दाखवावी लागते. दर महिन्याला त्यातून ठराविक पैसे सुटतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो धरलेली आहे. आपल्या पैशांत ती दहा लाखांच्या वर जाते. पूर्ण शिष्यवृत्तीचे पत्र असेल तर या खात्याची गरज पडत नाही. म्हणजे बापूंनी अर्धा एकर विकून चार लाख एजंटाला दिले असते, तरी या रकमेसाठी पुन्हा दुसरा तुकडा काढावा लागला असता.

एजंटाबद्दल दोन शब्द. सगळे वाईट नसतात. पण "शिष्यवृत्तीची गॅरंटी" देणारा भेटला तर तेथून उठावे. डीएएडी अर्जाची फी घेत नाही, आणि तिची निवड कोणा मध्यस्थाच्या हातात नसते. पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर मागाव्यात : वर्ग कोणत्या संस्थेत, किती तासांचा, अखेरीस कोणत्या परीक्षेचे प्रमाणपत्र, आणि व्हिसा न मिळाल्यास किती पैसे परत. बापूंच्या एजंटाला आम्ही फोनवर हेच चार प्रश्न विचारले. चौथ्या प्रश्नाला त्याचा आवाज बारीक झाला.

पुढे काय झाले

दाखला बापूंनी नेला नाही. मुलगी जूनपासून पुण्याला आत्याकडे राहते, माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जाते. दोन वर्षांचा अनुभव भरला की पूर्ण शिष्यवृत्तीला अर्ज करायचा, असे ठरले आहे. ती मिळेलच असे कोणी सांगू शकत नाही. जागा थोड्या आणि अर्ज जगभरातले. तिच्या आईला दोन वर्षे थांबणे पसंत नाही. लग्नाचे वय जाते म्हणतात. त्यावर आम्ही काय बोलणार? वहिनींना एवढेच सांगितले की, शिकलेली भाषा फुकट जात नाही, शिष्यवृत्ती मिळो न मिळो.

बापूंच्या पुतण्याची गोष्ट मात्र निराळी. तो याच वर्षी शेतकीच्या पहिल्या वर्षाला गेला आहे. त्याच्या हाताशी सगळ्या तारखा आहेत. त्याने वही घातली आहे आणि आमच्याकडून वरचे वेळापत्रक उतरवून नेले आहे.

रस्त्याकडेच्या त्या अर्ध्या एकरात या साली अडसाली लागण झाली आहे. परवा पाहणीला गेलो होतो. उगवण चांगली आहे, नांग्या भरायच्या राहिल्या आहेत, तेवढ्या बापूंनी आठवड्यात भरून घ्याव्यात.

ज्या सभासदांची मुले-मुली पदवीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाला आहेत, त्यांनी पुढचा अंक येण्याची वाट न पाहता मुलांना घेऊन गट ऑफिसला यावे. येताना मुलांची गुणपत्रके आणावीत. सात-बारा घरीच ठेवावा.

— ऊस विकास अधिकारी